अलिबाग ते बाणकोट: किनाऱ्याच्या रस्त्याने पहिल्यांदा गाडी नेताना

कोकणच्या किनाऱ्याने गाडी घेऊन जायचं ठरलं की बहुतेक जण आधी राहायची सोय शोधायला लागतात. माझं सांगणं असं, की आधी भिंतीवरचं कालनिर्णय उतरवा आणि तिथी बघा. कुलाबा किल्ल्यात चालत जाता येईल का, हरिहरेश्वरची प्रदक्षिणा घडेल का, फेरीबोटीवर गाडी चढवताना उतार किती तीव्र असेल, हे सगळं भरती-ओहोटीवर ठरतं. शनिवार-रविवार जोडून सुट्टी आहे म्हणून निघालेली माणसं ऐन भरतीला किल्ल्यासमोर येऊन उभी राहतात, चार फोटो काढतात आणि परत फिरतात. मला त्यांचं फार वाईट वाटतं, कारण गणित अगदी सोपं आहे.

तिथीची पाऊणपट करायची. येणारा आकडा म्हणजे पूर्ण भरतीची वेळ, दिवसाचीही आणि रात्रीचीही. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे दुपारी तीन आणि पहाटे तीनच्या सुमारास भरती. तिथून सहा तास मागेपुढे गेलं की ओहोटी, म्हणजे नऊ वाजता. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, मोजणी प्रतिपदेपासून नव्याने सुरू. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, तेवढा धरून चालायचा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा पाणी खूप वर चढतं आणि तितकंच खोल मागे हटतं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा ओहोटीलाही पाणी फारसं हटत नाही. निघायच्या आदल्या दिवशी मोबाइलवर भरतीच्या वेळा पडताळून घ्याच, पण दिवस ठरवताना हे गणित पुरतं.

यावरून पहिल्या फेरीसाठी माझा सल्ला: तृतीयेला निघा. तृतीयेला ओहोटी सकाळी सव्वाआठच्या सुमारास, म्हणजे कुलाबा किल्ला होतो. तिसऱ्या दिवशी पंचमीला ती साडेनऊ-पावणेदहाला, म्हणजे हरिहरेश्वर होतं. महिन्यातून दोनदा हा योग येतो. त्यासाठी शुक्रवारी किंवा सोमवारी रजा टाकावी लागली तर जरूर टाका.

निघण्याआधी

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ. डिसेंबर-जानेवारीत अलिबागकडे पोपटी लागते: मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालून, वालाच्या शेंगा भरून, मडकं उपडं ठेवून भोवती जाळ करतात. ती चव दुसऱ्या कुठल्याही ऋतूत मिळत नाही. मे महिन्यात आंबा आहे, पण दुपारी जांभ्या दगडाची वाट तव्यासारखी तापते आणि किल्ला बघायचा उत्साह उरत नाही. पावसाळ्यात डोंगर हिरवेगार असले तरी जंजिऱ्याच्या होड्या बंद असतात, जांभ्यावर शेवाळ धरतं आणि १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असल्याने ताजी मासळीही कमीच. पहिल्यांदा जाणाऱ्याने पावसाळा टाळावा.

मुंबईकरांना भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीत गाडी घालून मांडव्याला उतरता येतं. पुण्याहून खोपोली-पेण करत अलिबाग. संपूर्ण रस्ता, वळणं आणि फाटे धरून, अलिबागपासून बाणकोटपर्यंत जेमतेम दीडशे किलोमीटर भरेल. हा आकडा बघून एका दिवसात करू असं मनात आणू नका. रस्ता गावागावांतून, वाड्यांच्या दगडी गडग्यांमधून जातो. समोरून एसटी आली की कुणीतरी एकाने मागे घ्यावं लागतं. एसटीला वाट द्या. तिच्या ड्रायव्हरला त्या वळणाची इंच न् इंच माहिती असते.

पेट्रोल अलिबागला पूर्ण भरा, मुरूडला पुन्हा. रोख पैसे जवळ ठेवा, कारण रेंज गेली की मोबाइलवरून पैसे देता येत नाहीत. नकाशा आधीच उतरवून घ्या, पण तो जवळचा म्हणून एखादी पायवाटेसारखी वाट दाखवायला लागला की थांबून माणसाला विचारा. आणि गाडी माडाखाली लावू नका. नारळ पडतो हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण वाळलेली झावळीसुद्धा काच फोडण्याइतकी जड असते.

पहिला दिवस: अलिबाग ते मुरूड

सकाळी सातला अलिबागच्या किनाऱ्यावर हजर राहा. पाणी बरंच मागे हटलेलं असतं आणि किल्ल्यापर्यंत ओली, खडकाळ वाट उघडी पडत जाते. पायात पट्ट्याची चप्पल हवी, कारण कालवांच्या शिंपल्यांच्या कडा तळव्याला कापतात. कुलाबा किल्ल्याचं काम शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये सुरू करवलं आणि पुढे तो आंग्र्यांच्या आरमाराचा मोठा आधार झाला. आत सिद्धिविनायकाचं देऊळ आहे, आणि चहूबाजूंनी खारं पाणी असताना गोड्या पाण्याची विहीरही आहे. तटाचे दगड नीट बघा: चुना न भरता नुसते एकावर एक रचलेत. लाट आपटली की पाणी फटींतून आत शिरतं आणि लाटेचा जोर मरतो. दहाच्या आत मात्र बाहेर पडायचं. आत रमून पाणी चढलं की पुढचे कित्येक तास तिथेच अडकाल.

अलिबागहून रेवदंड्याकडे निघालात की पाच-सहा किलोमीटरवर आक्षी लागतं. इथे मी प्रत्येक वेळी थांबते. शके ९३४ चा, म्हणजे इ.स. १०१२ चा शिलालेख या गावात आहे, आणि अनेक अभ्यासक त्याला मराठीतला आद्य शिलालेख मानतात. शिलाहार राजा केसिदेवाला त्यात ‘पसीमसमुद्राधीपती’ म्हटलंय, पश्चिम समुद्राचा धनी. पुढे देवीच्या बोडण या विधीसाठी नऊ कुवली (हे जुनं माप) धान्याचं दान आहे. हजार वर्षांपूर्वीच्या दगडावर बोडण हा शब्द आहे आणि आपल्या घरांत आजही बोडण भरतात. गर्दी किंवा रांग इथे नसते, गावात विचारलं की कुणीही दाखवतं. दहा मिनिटं पुरतात, पण ती काढाच.

पुढे चौल. आज नारळी-पोफळींत झाकलेलं हे शांत गाव ग्रीक भूगोलकार टॉलेमीच्या काळापासून परदेशी व्यापाऱ्यांना माहीत असलेलं बंदर होतं. रामेश्वराच्या देवळासमोरची पुष्करणी बघा. अवर्षण पडलं की इथलं पर्जन्यकुंड उघडायची जुनी प्रथा आहे.

चौलला लागूनच रेवदंडा, आणि रस्ता थेट किल्ल्याच्या तटातून आत घुसतो. नव्याने येणाऱ्यांच्या हे लक्षातच येत नाही. किल्ला शोधत ते किल्ल्यातूनच पार होतात. तट ओलांडला की गाडी बाजूला लावा आणि पायी फिरा. पोर्तुगीजांचं शहर होतं हे. वाड्यांच्या आत, पोफळीच्या बागांमध्ये चर्चच्या भिंती उभ्या आहेत आणि त्यांच्या कमानींतून वडा-पिंपळाची मुळं उतरली आहेत. सातखणी मनोऱ्याचे आज चार-पाच खणच शिल्लक आहेत, तरी मान वर करून बघावं लागतं. बागा खाजगी आहेत. आत शिरण्याआधी हाक मारा, ‘काकू, मनोरा बघायचाय, येऊ का?’ मला आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही, उलट एकदा शहाळं कापून मिळालं. १४६९ मध्ये अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी विकायला घोडा घेऊन चौलला उतरला आणि घाट चढून जुन्नरला गेला. त्याचं स्मारक रेवदंड्यात आहे. १५०८ मध्ये इथल्याच कुंडलिका नदीच्या मुखाशी पोर्तुगीज आणि इजिप्तच्या आरमाराची लढाई झाली आणि पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द आल्मेदा तीत मारला गेला. पूल ओलांडताना उजवीकडे बघा, हेच ते पाणी.

पूल उतरून साळाव, आणि लगेच उजव्या हाताला समुद्रात घुसलेली कोर्लईची लांबट टेकडी. गावातल्या बोळांतून दीपगृहापर्यंत वाट आहे. ती इतकी अरुंद आहे, की मोठी गाडी असेल तर अलीकडेच लावून चालत जा. दीपगृहाच्या मागून पायऱ्या चढलात की दहा-पंधरा मिनिटांत किल्ल्याच्या कण्यावर पोचता. एका बाजूला उघडा समुद्र, दुसऱ्या बाजूला कुंडलिकेची खाडी आणि पलीकडे रेवदंड्याचे माड, पाठीमागे थेट पाण्यात उतरलेले फणसाडचे डोंगर. या सबंध प्रवासात एकच चढण चढायची ताकद असेल तर ही चढा. गावातले ख्रिस्ती लोक आजही पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिसळणीतून घडलेली क्रिओल बोली बोलतात. ते तिला ‘नॉ लिंग’ म्हणतात, आमची भाषा. पोर्तुगीज १७४० मध्ये गेले, बोली राहिली. किराणा दुकानाशी थोडं रेंगाळलात तर कानावर पडेल.

पुढे लागणाऱ्या काशीदच्या किनाऱ्याबद्दल एकच गोष्ट सांगायची आहे. गाडी वाळूत घालू नका. माझ्या पहिल्याच फेरीत मी ती चूक केली. किनारा रुंद, वाळू वरून कोरडी आणि घट्ट दिसत होती, आणखी चार गाड्याही आत होत्या. वळवताना पुढची चाकं रुतली. मी जितका एक्सलेटर दाबला तितकी गाडी खाली गेली, आणि त्यात भरती चढत होती. गावातली चार मुलं धावून आली. एकाने मला गाडी बंद करायला लावली, दुसऱ्याने चारही टायरमधली हवा कमी केली, बाकीच्यांनी हातांनी वाळू उपसून चाकांपुढे झावळ्या अंथरल्या. मग क्लच हळूहळू सोडत गाडी बाहेर आली, तेव्हा पाणी दहा-बारा पावलांवर होतं. त्या मुलांनी पैसे घेतले नाहीत. त्या दिवसापासून मी गाडी डांबरावरच ठेवते आणि प्रत्येकाला हे सांगते. किनाऱ्यावर गाडी नेऊ नये हा नियम आहेच, पण नियम नसता तरी सांगितलं असतं. वाळूत कासवं अंडी घालतात आणि चाकं ती चिरडतात.

संध्याकाळी मुरूड गाठा. जेवण कोळीवाड्याजवळच्या घरगुती खानावळीत, आणि पोचायच्या आधी फोन करून किती माणसं, शाकाहारी किती ते सांगून ठेवा. हे या सगळ्या पट्ट्यात लागू आहे. जेवण सांगून ठेवलं नाही, तर रात्री आठ वाजता कुणाच्या चुलीवर काही नसतं.

दुसरा दिवस: जंजिरा, खोकरी आणि एक निवड

राजपुरीच्या धक्क्यावर सकाळी पहिल्या होड्यांना जा. दुपारनंतर वारा उठतो, शिडाची होडी हलते आणि दारात उतरताना लाटेचा अंदाज घ्यावा लागतो. होडी अगदी जवळ जाईपर्यंत जंजिऱ्याचा दरवाजा दिसत नाही, बुरुजांच्या आड तो लपवलाय. दरवाजाच्या भिंतीवर पंज्यांत आणि शेपटीत हत्ती पकडलेला शार्दूल कोरलाय. कलालबांगडी तोफ सगळेच बघतात. तुम्ही आतले गोड्या पाण्याचे तलावही बघा, कारण त्या पाण्यावरच वेढ्यांत सिद्दी टिकले. शिवाजी महाराजांनी समोरच्या कांसा खडकावर पद्मदुर्ग बांधून घेतला, संभाजी महाराजांनी १६८२ मध्ये किनाऱ्यापासून किल्ल्यापर्यंत समुद्रात भराव घालायला घेतला, तरी किल्ला पडला नाही. १९४८ मध्ये संस्थान विलीन होईपर्यंत तो सिद्दींकडेच होता. होडीवाले परतीची वेळ सांगतात, ती त्यांची अडचण असते. आत निवांत फिरायचं असेल तर होडीत बसण्याआधीच बोलून घ्या.

परतल्यावर बरेच जण घाईने पुढे निघतात आणि जवळच्या खोकरीचे घुमट चुकवतात. सिद्दींचे तीन दगडी मकबरे, बहुधा तिथे तुमच्याशिवाय कुणी नसतं. सर्वांत मोठा सिद्दी सिरुलखानाचा. त्याच्या जाळ्यांतून आलेला उजेड फरशीवर पडतो, तो बघत बसावा.

आता निवड करायची. पुढे राजपुरीची खाडी आडवी आहे. आगरदांड्याहून फेरीबोटीने दिघीला गेलात तर थोडक्या वेळात पलीकडे. नाहीतर खाडीला वळसा घालून तळा गावाच्या दिशेने जा, म्हसळ्यावरून दिवेआगरला उतरा, आणि वाटेत कुडे लेणी बघा. अर्धा दिवस जास्त जातो. पहिल्याच वेळी, लहान मुलं बरोबर असतील तर फेरीबोट घ्या. पण जुन्या दगडांची ओढ असेल तर माझं मत कुड्याला. डोंगराच्या कुशीत २६ बौद्ध लेणी, समोर मांदाडची खाडी आणि मागे तळगडाची रांग. ब्राह्मी लेखांत दान देणाऱ्यांची ओळख आहे: एक वैद्य, एक माळी, एक लोखंडाचा व्यापारी. दोन हजार वर्षांपूर्वी याच खाडीतून माल चढत-उतरत होता आणि त्यातल्या कमाईतून माणसांनी डोंगरात खोल्या खोदवल्या. सहाव्या लेण्यातले हत्ती आणि दांपत्यांची शिल्पं चुकवू नका. पाणी बरोबर न्या.

फेरीबोटीची भीती नव्या चालकांना हमखास वाटते, म्हणून नीट सांगते. इथे तिला जंगलजेट्टी म्हणतात. तिचं तोंड म्हणजे एक लोखंडी फळी, ती धक्क्याच्या उतारावर टेकते. ओहोटी असेल तर उतार लांब आणि तीव्र होतो आणि खालचा भाग शेवाळाने निसरडा असतो. आधी माणसं उतरवून चालत चढवा, गाडीत फक्त चालक. मग बोटीवरच्या माणसाच्या हातांकडेच बघायचं, आरशात नाही, मागून ओरडणाऱ्यांकडे तर नाहीच. पहिला गिअर, क्लच अर्धा, थांबायचं नाही. फळी आणि उतार यांच्या सांध्यावर चाक चढताना धक्का बसतो, त्याने दचकून ब्रेक मारला की चाक घसरतं. बऱ्याचदा गाडी उलटी चढवायला सांगतात, म्हणजे उतरताना सरळ निघते. जमत नसेल तर काच खाली करून म्हणा, ‘दादा, तुम्ही लावून देता का?’ ते रोज शेकडो गाड्या लावतात, आनंदाने लावून देतात. वर गेलं की हँडब्रेक ओढायचा, गाडी गिअरमध्ये ठेवायची आणि खाली उतरून कठड्याशी उभं राहायचं. खाडीच्या मधोमध आलात की समुद्राच्या बाजूला जंजिरा, पुढे दिघीचे डोंगर.

दिवेआगरला मुक्काम करा. सुपारीच्या वाड्यांत घरगुती राहण्याची सोय आहे, उकडीचे मोदक आणि बिरड्याची उसळ आदल्या दिवशी सांगून ठेवा. रूपनारायणाची मूर्ती बघायला संध्याकाळी जा.

तिसरा दिवस: भरडखोल ते बाणकोट

सात वाजता निघा. दिवेआगर सोडून भरडखोलच्या कोळीवाड्यातून पुढे आलात की शेखाडी, कोंडविल, आरावी करत श्रीवर्धनपर्यंत रस्ता समुद्राला बिलगून जातो. डावीकडे डोंगर, उजवीकडे पाणी. सकाळी सूर्य अजून डोंगरामागे असतो, त्यामुळे रस्ता सावलीत आणि समुद्र उजळलेला. हा पट्टा संध्याकाळी केलात तर मावळतीचा सूर्य सरळ डोळ्यांत येतो आणि वळणावरचं काही दिसत नाही. दक्षिणेकडे जाताना आपली बाजू डोंगराची असते, पाण्याची कड रस्त्यापलीकडे. फोटोसाठी वळणावर गाडी आडवी घालून पलीकडे जाऊ नका. रुंद जागा चार-पाच आहेत, तिथेच थांबा. इंजिन बंद केलं की गोट्यांच्या किनाऱ्यावरून लाट परत जाताना दगड एकमेकांवर घासल्याचा आवाज येतो, वाळूच्या किनाऱ्यावर हा आवाज कधी ऐकू येत नाही.

श्रीवर्धन हे भट घराण्यातले पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ यांचं गाव, आणि रोठा सुपारीचं. सुपारी घ्यायची तर इथेच. मात्र परतीच्या वाटेवर घ्या, कारण साडेनऊपर्यंत हरिहरेश्वर गाठायचंय.

देवळामागून प्रदक्षिणेचा मार्ग दगडी पायऱ्यांनी खाली उतरतो आणि डोंगराच्या कड्याखालून, समुद्राच्या कडेने फिरतो. लाटांनी खडकाला मधमाश्यांच्या पोळ्यासारखी भोकं पाडली आहेत. उतरण्याआधी देवळाजवळच्या दुकानदाराला विचारा, ‘आत्ता जाता येईल का?’ तो नाही म्हणाला तर जायचं नाही, तुमचं गणित काहीही सांगत असलं तरी. या खडकांवरून माणसं वाहून गेली आहेत. खडक काळा आणि ओला दिसला, की लाट तिथवर येते असं समजावं आणि त्याच्या आतून चालावं. पाठ समुद्राकडे करून फोटो काढू नये.

इथून पाच-सहा किलोमीटरवर बागमांडला. सावित्रीच्या खाडीवरून फेरीबोट पलीकडे वेसवीला नेते, म्हणजे रायगड जिल्हा संपून रत्नागिरी सुरू. कालचं आगरदांड्याचं तंत्र इथेही तेच. वेसवीहून थोडं पुढे, चढावर बाणकोटचा किल्ला, जांभ्या दगडाचा, आटोपशीर, आजूबाजूला फारशी वर्दळ नाही. तटावरून सावित्री समुद्राला मिळताना दिसते, पलीकडे हरिहरेश्वरचा डोंगर, आणि हवा स्वच्छ असली तर पूर्वेला एकामागे एक निळ्या होत गेलेल्या रांगा. जवळचं वेळास हे नाना फडणवीसांचं मूळ गाव. फेब्रुवारी-मार्चमध्ये आलात तर तिथे पहाटे ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात सोडताना बघायला मिळतात, त्यासाठी एक रात्र वाढवावी.

किल्ल्यावर बसण्याआधी वेसवीच्या धक्क्यावर शेवटच्या फेरीची वेळ विचारून ठेवा. परतताना बागमांडल्याहून श्रीवर्धन-म्हसळा-माणगावमार्गे या. पुणेकरांना पुढे ताम्हिणी घाट आहे. तो उजेडातच चढावा, कारण तीन दिवस दुरून पाहिलेला सह्याद्री तिथे अगदी खिडकीशी येतो. घरी पोचल्यावर दुसऱ्याच दिवशी गाडी खालून गोड्या पाण्याने धुऊन घ्या. चाकांच्या आतल्या बाजूला आणि चॅसीवर बसलेलं मीठ महिनाभरात पत्रा खायला लागतं.